‘जीव लावू नका’ हा सल्ला मानू नका

पत्र :

ताई, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आहे. सहाव्या महिन्यात बायकोचं बीपी एकाएकी वाढलं. डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून इंजेक्शनं दिली आणि २६ आठवडे पूर्ण होताच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन ८२० ग्रॅम. आज तिचा अकरावा दिवस. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. चार दिवस व्हेंटिलेटर होतं, आता नाकाला सीपॅप, म्हणजे श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारं यंत्र, लावलं आहे. वजन मध्ये ७५० पर्यंत उतरलं होतं. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणतात, ‘एक-एक दिवस पाहू.’

आई म्हणते, सातव्या महिन्याचं लेकरू जगतं, आठव्याचं जगत नाही, हे तर सहाव्याचंच. उगाच जीव लावू नका. बायकोला सव्वा महिना होईस्तोवर घराबाहेर पाठवायला आई तयार नाही, त्यामुळे तिने मुलीला अजून एकदाच, तेही दुरून पाहिलं आहे. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मोठे काकाजी म्हणाले, ‘पोरगीच आहे नं, कायले एवढा पैसा लावून राहिला? वाचली तरी जन्माचं ओझं होऊन बसेल.’ पीएफमधून पैसे काढून झाले, आता कर्जाची बोलणी सुरू आहेत. ताई, मला खरं सांगा. ती जगेल का? आणि जगली तर धड राहील का?

उत्तर :

भाऊ, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, खरीखुरी देते. पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचं आहे. पत्नीला ऑटोत बसवा आणि मुलीजवळ घेऊन जा. सिझरला अकरा दिवस झालेत. जिने चढायला लावू नका, दवाखान्यात व्हीलचेअर मागून घ्या. पण न्या.

सव्वा महिन्याच्या रिवाजाबद्दल मला आदर आहे. बाळंतिणीला विसावा मिळावा, बाहेरचा आजार घरात येऊ नये, म्हणून आपल्या आज्यांनी तो पाळला. मात्र बाळ आईच्या कुशीत आहे हे त्या रिवाजात गृहीतच धरलेलं आहे. तुमच्या घरी बाळ धंतोलीत आणि आई मानेवाड्याला. अशा वेळी आईला घरात बसवून ठेवणं म्हणजे मुलीच्या उपचारातलं एक मोठं औषध बंद ठेवण्यासारखं आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. ते औषध म्हणजे आईचं दूध.

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढे त्याला सूज येऊन आतड्याचा भाग मरू लागण्याचा एक गंभीर आजार अशा बाळांना होतो. पोट फुगतं, दूध पचत नाही, हिरवट पाणी परत येतं. या आजारात बाळं दगावतात. पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त दिसतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. तुमची मुलगी नेमकी त्याच दिवसांत शिरते आहे. तिला एका वेळी लागणारं दूध किती, तर एक-दोन मिलिलिटर, लहान चमचाही भरणार नाही एवढं. तेही तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने, दर दोन तासांनी. ‘मला दूधच येत नाही’ असं पत्नी म्हणत असेल तर तिला हा हिशेब दाखवा.

अकरा दिवसांत छाती मोकळी केली नसेल तर दूध आटत आलं असेल. ते परत येतं, पण मेहनत घ्यावी लागते. दिवसातून आठ वेळा दूध काढायचं, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची. पंप असेल तर पंपाने, नसेल तर हाताने; हाताने कसं काढायचं ते एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) कुठलीही सिस्टर दहा मिनिटांत शिकवेल. पहिले दोन-तीन दिवस वाटीच्या तळाशी चार थेंब दिसतील. ते चार थेंबही सिस्टरकडे द्या. बाळाच्या गालांच्या आतून फिरवण्यासाठी तेवढेही कामाला येतात. बाळाच्या शेजारी बसून दूध काढलं तर जास्त येतं, हा बहुतेक आयांचा अनुभव आहे. घरून न्यायचं असेल तर दवाखान्याने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासच्या डब्यात न्या. आपल्या नागपूरच्या उन्हात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेलं दूध दवाखान्यात पोचेपर्यंत खराब होतं. पत्नीच्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर दूध देण्याबाबत डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेक गोळ्यांवर दूध देता येतं, मनानेच बंद करू नका. तिचं दूध येईपर्यंत दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज केलेलं दूध मिळू शकतं का तेही विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली देशातली पहिली दूध बँक सुरू केली ती अशाच बाळांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे घरोघरी बाळंतिणीला बोलणी खावी लागतात. पुढे डॉक्टर आईच्या दुधात एक पूड मिसळायला लागतील. त्याचा अर्थ आईचं दूध पातळ आहे असा होत नाही. पोटात असताना या तीन महिन्यांत बाळाला जितकी प्रथिनं आणि कॅल्शियम मिळालं असतं तितकं कुठल्याही आईच्या दुधात नसतं, म्हणून ती भर.

दूध झालं, आता छाती. कांगारू पद्धत तुम्ही ऐकली असेल. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी हा मार्ग काढला. बरीच वर्षं लोकांना तो गरिबांसाठीचा स्वस्त पर्याय वाटला. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात मोठी चाचणी घेतली; आपल्याकडचं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच छातीशी दिलं, तेव्हा दर शंभरात सोळाच्या जागी बारा बाळं दगावली. शंभरात चार जीव, केवळ लवकर छातीशी धरण्याने. २०२१ साली हे निकाल प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी संघटनेने जगभरासाठी तशी शिफारस केली. तुमची मुलगी त्या वजनाहून लहान आहे, त्यामुळे कधी सुरू करायचं ते तिचे डॉक्टरच ठरवतील. पण सीपॅपवर असलेल्या बाळालाही कांगारू देता येतं. तेव्हा ‘आम्ही कधीपासून देऊ शकतो?’ हे तुम्ही स्वतःहून विचारा. कामाच्या रगाड्यात हा विषय काही ठिकाणी मागे पडतो, आईबापांनी विचारलं की पुढे येतो.

आणि भाऊ, यात तुमचाही वाटा आहे. बापाची छाती तितकीच उबदार असते. आंघोळ करून, अत्तर-डिओ न लावता, पुढून उघडणारा शर्ट घालून जा. सिगरेट ओढत असाल किंवा खर्रा खात असाल तर आता सोडा, ‘कमी करतो’ नको. धूर कपड्यांत राहतो आणि तिची फुप्फुसं अजून तयार व्हायची आहेत.

तोवर काय करायचं? पेटीच्या गोल खिडकीतून हात धुऊन आत घालायचा. एक तळवा तिच्या डोक्यावर, दुसरा पायांवर, आणि स्थिर ठेवायचा. गोंजारायचं नाही, थोपटायचं नाही. एवढ्या लहान बाळाला फिरणारा हात त्रास देतो, स्थिर हात शांत करतो. हळू आवाजात बोलायचं. ती ऐकते, या वयात कान काम करू लागलेले असतात आणि आईचा आवाज तिने पोटात असताना ऐकलेला असतो.

आता पहिला प्रश्न. जगेल का?

आईंनी सांगितलेला सातव्या-आठव्या महिन्याचा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चूक आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो; आठव्या महिन्याचं बाळ सातव्याच्या बाळापेक्षा साधारणपणे चांगल्या स्थितीत असतं. दुसऱ्या बाजूला, सहाव्या महिन्याचं म्हणजे गेलंच, हेही आता खरं राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांच्या एका जाळ्याने २०१३ ते २०१८ या काळात जन्मलेल्या बाळांची नोंद ठेवली. २२ आठवड्यांना जन्मलेल्यांपैकी दवाखान्यातून घरी गेली शंभरात अकरा. २३ व्या आठवड्याला जवळपास निम्मी. २८ व्या आठवड्याला ९४. तुमची मुलगी या दोन टोकांच्या मधल्या, बऱ्याच वरच्या पायरीवर आहे. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांपैकी गरीब देशांत नव्वद टक्क्यांहून जास्त पहिल्या काही दिवसांतच जातात आणि श्रीमंत देशांत दहा टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळं सारखीच; फरक उबेचा, श्वासाच्या यंत्राचा, दुधाचा, स्वच्छ हातांचा आणि पुरेशा सिस्टरांचा. नागपुरातली चांगली एनआयसीयू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘गेल्या वर्षी तुमच्याकडे २६-२७ आठवड्यांची किती बाळं आली आणि किती घरी गेली?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुमच्या मुलीच्या बाजूने काय काय आहे तेही सांगते. अशा बाळांचा अंदाज बांधताना आठवड्यांच्या जोडीला चार गोष्टी पाहतात : वजन, बाळ एकटं की जुळं, आईला आधी फुप्फुसांची इंजेक्शनं मिळाली का, आणि मुलगा की मुलगी. तुमची एकटी आहे. इंजेक्शनं मिळाली आहेत. ही स्टेरॉइडची इंजेक्शनं १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी उपयोगी ठरवून दाखवली. औषध अगदी स्वस्त, तरी आजही कित्येक आयांना वेळेत मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं, हे फार मोलाचं काम झालं आहे. आणि ती मुलगी आहे. हे काकाजींना मुद्दाम सांगा. इतक्या लवकर आलेल्या बाळांत मुली मुलांपेक्षा जास्त तग धरतात, त्यांची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे वर्षानुवर्षं, देशोदेशी दिसलेलं आहे. ‘पोरगीच आहे’ ही तिच्या बाजूची गोष्ट आहे.

पहिले तीन दिवस सर्वांत घातक असतात. मेंदूतला रक्तस्राव व्हायचा तर बहुधा तेव्हाच होतो. ते दिवस मागे पडले. चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर निघालं ही या वजनाच्या बाळासाठी खरोखर चांगली खूण आहे. पहिल्या आठवड्यात वजन उतरणं अपेक्षितच असतं, साधारण दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पुढच्या काही आठवड्यांत धोका आहे तो जंतुसंसर्गाचा आणि मघाशी सांगितलेल्या आतड्याच्या आजाराचा. म्हणून डॉक्टर ‘एक-एक दिवस पाहू’ म्हणतात. ते टोलवाटोलवी करत नाहीत, त्यांना यापेक्षा जास्त खरं सांगता येत नाही.

तुम्ही पेटीशी उभे असाल आणि अचानक यंत्र वाजेल, तिचा श्वास थांबलेला दिसेल. घाबरून जाल. सिस्टर येईल, तळपायाला बोटाने टिचकी देईल, आणि मुलगी पुन्हा श्वास घेऊ लागेल. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून अपुरं आहे म्हणून ती मधूनच श्वास घ्यायचं विसरते. त्यासाठी तिला बहुधा कॅफीन सुरू असेल, कॉफीत असतं तेच. हे औषध नुसता श्वास चालू ठेवत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कॅफीन मिळालेल्या बाळांमध्ये पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या दोषाचं, प्रमाणही कमी दिसलं.

यातूनच दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंत, धड राहील का.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या सगळ्या बाळांचा मागोवा घेतला गेला. सहाव्या वर्षी जी मुलं तपासली त्यांत शंभरातल्या बावीस जणांना गंभीर अपंगत्व होतं, म्हणजे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याचा आधार लागेल असं. चोवीस जणांना मध्यम. चौतीस जणांना सौम्य. त्यात तिरळेपणा, चष्मा, अशाही गोष्टी आल्या. वीस जणांत काहीच दोष नव्हता. हे आकडे मी लपवत नाही, कारण तुम्ही खरं मागितलं आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ती मुलं तुमच्या मुलीपेक्षाही लवकर आलेली होती, आणि त्या वेळचे उपचार तीस वर्षांपूर्वीचे होते. आणि काकाजींना जे ‘ओझं’ दिसतंय, ते त्या काळातही, तिच्याहून लहान बाळांतही, बहुतेकांच्या वाट्याला आलं नव्हतं.

तिचं स्वतःचं काय, हे हळूहळू उलगडेल, आणि त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. डोक्याच्या सोनोग्राफीत काय दिसलं? एवढ्यात एक झाली असणार. रक्तस्रावाच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा बहुतेकदा मागे फार काही न ठेवता विरतो, तिसऱ्या-चौथ्याची काळजी मोठी. सुट्टीच्या आधी आणखी एक सोनोग्राफी व्हायला हवी. दुसरी खूण : ३६ व्या आठवड्याला, म्हणजे आजपासून साधारण दोन महिन्यांनी, तिला ऑक्सिजन लागतो की नाही. लागत असेल तर पहिली एक-दोन वर्षं सर्दी-खोकला छातीत उतरेल. तिसरी, मोठा जंतुसंसर्ग झाला का. चौथी खूण डोळ्यांची, आणि त्यावर मी जरा थांबून लिहिते. पुढे काय होणार यातलं बरंचसं आपल्या हातात नाही, डोळे मात्र पुष्कळसे आहेत.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्याच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. बाळ लवकर आलं की त्या अर्ध्यावर असतात, आणि मग कधी कधी वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढून काढतात. यातून कायमचं अंधत्व येतं. बाहेरून डोळा अगदी सुंदर दिसतो, घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येईतो उशीर झालेला असतो. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतं. आपल्या देशातला नियम असा : ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे, आणि २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. तुमची मुलगी दुसऱ्या गटात. म्हणजे पहिली तपासणी येत्या दहा दिवसांत. आजच विचारा की नेत्रतज्ज्ञ कोणत्या तारखेला येणार आहेत आणि ती तारीख मोबाइलमध्ये टाका. एका तपासणीने भागत नाही. पडदा पूर्ण होईपर्यंत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावतील. सुट्टी झाल्यानंतरची एक जरी तारीख चुकली तरी नजर जाऊ शकते. लग्न असो, पोळा असो, गावाला जाणं असो, ही तारीख चुकवायची नाही.

याच कारणासाठी ‘ऑक्सिजन जरा वाढवा ना’ असा आग्रह सिस्टरकडे धरू नका. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९०-९५ दिसत असतो आणि नातेवाइकांना वाटतं शंभर का नाही. या बाळांना ऑक्सिजन दिला जात असताना शंभर चांगले नसतात. जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांना घातक ठरतो.

पैशांबद्दल. तुम्ही लाजून विचारलं नाहीत, पण पत्र सारं त्याच काळजीने भरलेलं आहे. दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का ते आजच पाहा. नवजात बाळांच्या अतिदक्षता उपचारांचा तिच्यात समावेश आहे. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटा. योजना नसेल तर डॉक्टरांसमोर बसून अजून अंदाजे किती दिवस आणि किती खर्च, हे स्पष्ट विचारा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स हे तीन पर्याय शहरात आहेत. मात्र ८२० ग्रॅमचं बाळ हलवणं हे स्वतःच एक जोखीम आहे. हलवायचंच झालं तर तिचा श्वास स्थिर झाल्यावर, तिकडे जागा आहे याची खात्री करून, उबदार पेटी असलेल्या ॲम्ब्युलन्सने, दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं झाल्यावर. काकाजींच्या दबावाखाली रात्रीतून उचलून मुळीच नाही.

आणि एक अवघड गोष्ट. देव न करो, पण मेंदूत मोठा रक्तस्राव किंवा असं काही झालं की उपचारांनी तिची केवळ यातनाच लांबते आहे असं डॉक्टरांना वाटू लागलं, तर ते तुमच्याशी त्याबद्दल बोलतील. तसं बोलणं ऐकून घेणं हा गुन्हा नाही, त्याने तुम्ही वाईट बाप ठरत नाही. पण तो निर्णय तिच्या प्रकृतीवरून आणि तिला होणाऱ्या त्रासावरून व्हायला हवा, तुम्ही दोघांनी मिळून घ्यायला हवा. ती मुलगी आहे यावरून नाही. आज तुम्ही जे लिहिलंत त्यात तशी कुठलीही खूण मला दिसत नाही.

घरी आल्यानंतरचं आत्ता थोडक्यात सांगते, बहुधा दोन-अडीच महिन्यांनी ती वेळ येईल. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण वाढ मोजताना तिच्या वयातून सव्वातीन महिन्यांच्या आसपास वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. शेजारचं बाळ सहाव्या महिन्यात बसलं आणि ही बसली नाही तर रडायचं नाही. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तितके दिवस. ऐकू नीट येतं का ते पाहणारी कानांची बेरा तपासणी. घुटी नाही, मध नाही, कानानाकात तेल नाही, खोलीत धुरी नाही, शेगडी नाही. बारशाला गर्दी नाही. नाव आत्ताच ठेवा, पेटीवरच्या चिठ्ठीवर लिहायला सांगा. जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा, तिथे वाढीचा विलंब लवकर हेरून फिजिओथेरपी सुरू करतात. वस्तीत आशाताई येत असेल तर तिला दार उघडा. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतच, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत घडली. गावातल्याच बायकांना शिकवून तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले गेले, आणि पुढे तीच पद्धत देशाने उचलली.

आता पत्नीबद्दल, कारण सगळ्या गडबडीत तिची प्रकृती कोणी विचारलेली दिसत नाही. ज्या बीपीमुळे मुलगी लवकर आली ते बाळंतपणानंतर लगेच जात नाही. सहा आठवडे वर राहू शकतं. आज दवाखान्यात गेलात की तिचंही बीपी मोजून घ्या आणि नंतर नेमाने मोजत राहा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात कळ, धाप, यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी प्रसूतीच्या डॉक्टरांकडे न्यायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहणं पंधरा दिवसांहून जास्त चाललं, खाणं-झोप सुटली, ‘माझ्यामुळेच झालं’ असं ती बोलू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. या काळात चालणारी औषधं आहेत. तिच्यामुळे काही झालेलं नाही, हे तिला तुम्ही सांगा आणि आईंच्या तोंडूनही सांगवा. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा. तिसरा महिना संपता संपता कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली की हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. ती नोकरी करत असेल तर कायद्याने २६ आठवडे बाळंतपणाची रजा आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं तर वर एक महिना मागता येतो.

आईंना माझा नमस्कार सांगा. नातवंड हातचं गेलं तर पोरगा-सून कोलमडतील, या भीतीपोटी त्या ‘जीव लावू नका’ म्हणतात, हे मला कळतं. पण या मुलीला दूध, ऊब आणि स्पर्श लागतो, आणि तिन्ही जीव लावल्याशिवाय देता येत नाहीत. त्यांच्याशिवाय हे पार पडणार नाही. सून दिवसभर दवाखान्यात असेल, तेव्हा तिच्यासाठी दुपारी वरण-भात-भाजीचा गरम डबा लागेल, पंपाच्या बाटल्या उकळून ठेवायला कोणीतरी लागेल, रात्री दोनला दूध काढायला तिला हाक मारून उठवणारं माणूस लागेल. ही तिन्ही कामं आईंनी घ्यावीत, आजपासून.